बाबांऐवजी मी पेशंट

ताई,

बाबांना बाहेरच्या मनाच्या डॉक्टरकडे नेणं आपल्याला परवडत नाही. कॉलेजचे समुपदेशक फुकट आहेत, पण फक्त विद्यार्थ्यांसाठी. म्हणून मी पेशंट झालो आणि बाबांना पालक म्हणून नेलं. वाटलं, बसले की स्वतःचं बोलतील. बोलले, पण माझंच. "हा सारखा विनोद करतो, आतून काहीतरी बिनसलंय." सरांनी मान डोलावली. पुढच्या वेळी मला एकट्यालाच बोलावलंय.

आज बाबा कधी नव्हे ते आपणहून अंथरुणातून उठले, दाढी केली आणि माझ्या उशाशी येऊन बसले. बाथरूममध्ये नळ सोडून त्यांचं रडणं मात्र चालूच आहे. बाबांनाही बोलवा म्हणून सरांच्या हातापाया पडायला चाललोय. तोवर मी ठणठणीत आहे हे बाबांना सांगू नकोस. पुन्हा अंथरूण धरतील.

तुझा धाकटा