शिवणवर्गाची पाटी

३ जून, सोमवार

पाटी उतरवली! स्वतः स्टुलावर चढून उतरवली. 'शिवणवर्ग' म्हणे! आत ना सुई ना दोरा. आत मोठी माणसं अक्षरं गिरवतात, हिशेब शिकतात, आणि बाहेर ही थाप. रस्त्याकडच्या काचांना वर्तमानपत्रं डकवलेली – भर उन्हात आत दिवे लावून बसायचं!

संस्थेनं मला इथं केंद्रप्रमुख म्हणून पाठवलं, त्याच्या कितीतरी आधीपासून बाई हा वर्ग चालवतात. त्यांनी एवढंच विचारलं, "वर्गातल्यांना विचारलंत का?"

मी म्हणाले, "लाज कसली? लाज ज्यांनी शिकवलं नाही त्यांना वाटू दे!"

त्या स्टूल धरून उभ्या होत्या. धरूनच राहिल्या.

४ जून

नवी पाटी लागली – 'प्रौढ साक्षरता व अंकज्ञान वर्ग'. पलीकडच्या फुटपाथवरून वाचता येते. काचा धुऊन घेतल्या. उजेडच उजेड!

६ जून

बाईंच्या कपाटात रुमालांची चळत सापडली. दर महिन्याला स्वतः कडा शिवतात आणि वर्गात वाटतात – घरी दाखवायला, की बघा, शिवण शिकतोय.

"पुरुषांनाही?"

"शिंपी काय बायकाच असतात? आपल्या वर्गातल्या मुकादमांच्या घरी आता नाकं कमी नि रुमाल जास्त झालेत."

हसू आलं, पण सुनावलंच – "बाई, खोट्याला टाके घालणं आता बंद!" वाक्य झकास जमलं. उद्याच्या सभेत वापरायचं.

७ जून

वापरलं. टाळ्या थांबेनात. वरिष्ठ म्हणाले, "सगळ्या केंद्रांत असाच बदल हवा!" घरी येऊनही मी बोलतच होते. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, पोळी हवी का एवढंच विचारलं. हो की नाही, ते सांग."

१० जून, सोमवार

वर्ग अर्धा रिकामा. नवीन काही सुरू केलं की आधी गळती होतेच, अशी मी मनाची समजूत घातली.

मुकादम आले होते. खोकी बनवण्याच्या कारखान्यात हाताखाली मोठी टोळी आहे त्यांच्या. ते नेहमी कोपऱ्यात बसतात. मी म्हटलं, कोपऱ्यात का? या पुढं! काचेजवळ बसवलं त्यांना. मीच. वर म्हटलं, "मोठ्यानं वाचा!" बोट अक्षराखाली धरून ते एकेक शब्द जुळवत होते. तेवढ्यात काचेवर टकटक. बाहेर त्यांच्याच टोळीतले तिघेचौघे. एकानं नाक काचेला चिकटवलं होतं.

मुकादमांनी पेन्सिल हळूच खाली ठेवली आणि मागच्या दारानं गेले.

११ जून

बाईंकडून कळलं. कागद हातात आला की मुकादम म्हणायचे, "चष्मा विसरलो रे, वाच जरा." त्यावर इतकी वर्षं निभावलं. आज कारखान्याच्या दारावर कुणीतरी खडूनं भला मोठा 'अ' काढला होता. "मुकादम, म्हणून दाखवा की!" पाळी अर्धी टाकून ते घरी गेले.

दोष माझा नाही, हसणाऱ्यांचा आहे – असं आत्ता इथं लिहिलं होतं. खोडलं.

१३ जून

त्यांच्या घरी गेले. दार बायकोनं उघडलं.

"शिवणवर्गाच्या बाई का? या ना! यांचा हात बरा बसलाय हो, पण घरात एक गुंडी लावून देतील तर शपथ!"

मागं मुकादम उभे. चेहरा पांढराफटक.

मी म्हणाले, "गुंड्या पुढच्या महिन्यात आहेत."

लाज सोडा म्हणून सभा गाजवणारी मी! जीभ जराही अडखळली नाही.

ते कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. माफी मागायला गेले होते मी. सुरुवात बरी केली, पण दोन वाक्यांत आवाज चढला, हात वर गेला – समाज, अन्याय, हक्क! ते म्हणाले, "मॅडम, जरा हळू. शेजारी ऐकतील."

रस्त्यातच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"परत याल ना?" मी विचारलं. "बघू," म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

१४ जून

जुनी पाटी मीच भंगारात दिली होती. पेंटरकडून तशीच दुसरी करून घेतली. तो खूश – "नवीन क्लास का? बायकोला पाठवतो." जाऊबाईंनी खळ शिजवून दिली. दोघींनी काचांवर पुन्हा कागद डकवले.

१७ जून, सोमवार

कुणी आलं नाही. बाईंचाही रजेचा निरोप. दिवे लावून एकटीच बसले.

१९ जून

कुणी नाही.

२० जून

वरिष्ठांना फोन केला – माझं चुकलं, दुसरीकडं हे करू नका. ते हसले. "किती हा विनय! अहो, तुमचं भाषण ऐकूनच तर पाट्या रंगवायला दिल्या." मी पुन्हा सांगितलं. पुन्हा हसले. इतकी वर्षं बोलून माणसं पेटवली, आता विझवता येईना.

२१ जून

वर्ग मेला. मी मारला. उद्यापासून एकेकाच्या दारी जाऊन पाया पडेन, पण उठवेन.

२२ जून, शनिवार

मंडईजवळ बाई भेटल्या. वर्ग चालू आहे म्हणाल्या. कुणाच्या तरी घरी. एकूण एक येतात. मुकादमांची बाराखडी संपली, आता जोडाक्षरं.

माझे डोळेच भरून आले. "कुठं भरतो? मी येते ना!"

बाईंनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुम्हाला सांगायचं नाही, असं ठरलंय. सगळ्यांनी मिळून."

मी म्हणाले, "बरं."