अठरा अंश

२८ सप्टें. ९७, रवि.
डाळज. बागायतदार तात्यांच्या दोन आसनी विमानाला नवं इंजिन बसलं. पन्नासाचं गेलं, पासष्ट घोड्यांचं आलं. जुन्याला पंख्याची पाती बारा अंशांवर होती. त्याच कोनात नवं इंजिन गरजेपेक्षा जास्त फिरतं. शेपूट ट्रॅक्टरला बांधून पूर्ण ताकदीवर चालवलं. तेरा, चौदा, पंधरा. पंधरावर फेऱ्यांचा काटा बासष्टशेवर स्थिर. हाच कोन.
मिलिंद खूष. धाकट्या भावाला हवेत खूष पाहणं हे माझं जुनं व्यसन. जमिनीवर तो तात्यांचा नोकर असतो.

२ ऑक्टो.
आयटीआयला सुट्टी, म्हणून डाळजला. तात्या नाराज. विमान झपकन वर जातं, पण इंदापूरच्या द्राक्षबागेवर पोहोचायला पूर्वीइतकाच वेळ. "पासष्ट घोडी घेतली अन् चाल तीच? मास्तर, पातं अजून पिळा."
सांगितलं, नांगर फार खोल लावला तर बैल अडतो. कोन वाढवला की इंजिन दबतं, ताकदच देत नाही. वर गेल्यावर पळेल, पण आधी जमीन सुटली पाहिजे. तीनशे मीटरच्या पट्टीपुढे ऊस आहे.
"बैल माझं हायती," तात्या म्हणाले.
अठरा अंश लावले. मी, माझ्या हातांनी. काटा चोपन्नशेवर. पंधरा वर्षं हवाई दलात इंजिनं जुळवली, एम. ए. केलं, आणि बैलाच्या उपमेवर हरलो.

५ ऑक्टो., रवि.
पहाटेची थंड हवा, समोरून वारा. मिलिंद एकटा उडाला. चाकं उसाच्या तुऱ्यांना घासून गेली असतील. उतरल्यावर म्हणाला, "उठतं रे, दादा."
एकट्याला उठतं. दसऱ्याला तात्या मागे बसणार. पंच्याण्णव किलो. शिवाय गावावर वरून सोनं उधळायचं म्हणून आपट्याच्या पानांचं पोतं.
मिलिंदला बाजूला घेऊन ठरवलं : आदल्या दिवशी येऊन गुपचूप पंधरा करायचे. आत्ताच केले तर तात्यांना चालीवरून कळेल, तेव्हा केले तर कळणारही नाही.

१० ऑक्टो., शुक्र. खंडेनवमी.
अर्धी रजा टाकून दुपारी पोहोचलो. शेडमध्ये पाटावर सगळी अवजारं मांडलेली. पाने, हातोडे, कोयते, फवारणीचा पंप. हळदकुंकू, झेंडू. तात्यांच्या आई फुलं वाहत होत्या. एकदा पूजेला बसलं की दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत हत्यार उचलायचं नाही.
माझा पाना आणि कोनमापक पिशवीत होते. तात्यांनी पिशवीकडे पाहिलं. "मास्तर, तुमच्यात हे चालत न्हाय, ठावं हाय. पन हत्यारं काय बौद्ध न्हाईत."
सगळे हसले. मिलिंदही हसला.
मी पिशवी उघडली. दोन्ही वस्तू पाटावर ठेवल्या. आईंनी कुंकू लावलं.
नाही म्हणता आलं असतं. कारणही सांगता आलं असतं. चारचौघांत आपण वेगळे दिसू नये एवढ्यासाठी…
निघताना मिलिंदला म्हणालो, उद्या एकटाच उडव. तो म्हणाला, "बघतो."

११ ऑक्टो., शनि.
बारामतीत, विहारात. वंदना सुरू होती. ट्रकवाल्याने निरोप आणला.

१२ ऑक्टो.
वारा नव्हता. पट्टी संपेपर्यंत चाकं सुटली नाहीत. सुटली ती उसात अडकली, विमान नाकावर आलं. तात्यांचा हात मोडला. मिलिंदच्या कण्याला मार. डाव्या पायाला कळत नाही. डॉक्टर म्हणतात, थांबा.
आपट्याची पानं उसात पसरली होती. बायकांनी ती वेचून घरी नेली म्हणे. सोनं.

१५ ऑक्टो.
तात्यांनी बोलावलं. हात गळ्यात. चौकशीचे अधिकारी उद्या येणार. दोन पाती तुटली, एक शाबूत आहे.
"त्ये पंधरावर बसवा. पंखा बरोबर व्हता, उडवनाऱ्याचं चुकलं. न तुमच्यावर येत, न माझ्यावर. मिलिंदरावाचं मी बगतो."
गप्प बसण्याचा सराव झाला आहे.
दुपारी दवाखान्यात. मिलिंदला हे सांगितलं.
"अठराच राहू दे, दादा. पंधरा दिसले तर माझं लायसन गेलं."
पाय उचलत नाही आणि लायसन.
म्हणालो, अठरा दिसले तर माझी नोकरी जाईल. लावले मी.
"तात्यांनी लावायला लावले, सांग की."
"ते कुठं लिहिलंय?"
"तुझ्या वहीत. तू सगळं लिहितोस."
खरं आहे. दोन तारीख या वहीत आहे. पण वही पुढे केली की दहा तारीखही पुढे येते. तात्यांनी कोन वाढवला. तो परत आणायचा पाना पाटावर कोणी ठेवला, हे मिलिंदने अजून विचारलेलं नाही. तो तिथेच उभा होता.
संध्याकाळी पुन्हा शेडमध्ये. उसातून ओढून आणलेलं विमान तिथेच. पाट उचललेला, झेंडू सुकलेला. माझ्या वस्तू कोपऱ्यात होत्या. कोनमापक शाबूत पात्याला लावला. अठरा.
पान्यावरचं कुंकू पुसलं. पुरतं निघालं नाही.
चौकशीवाले सकाळी दहाला येणार आहेत.