दोन्ही टोकांची साक्ष

प्रिय चिमणे,

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. फोनवर माझा प्रश्न संपायच्या आत तू ‘मजेत’ म्हणून मोकळी होतेस. कागदाला तसं अडवता येत नाही.

आईचा गुडघा आता बरा आहे. जिना चढते, वर मलाच हळू चाला म्हणून दटावते. मी अजून इस्पितळाच्या नेटवर्कच्या कामावरच आहे. गावच्या शाळेत विजेचा दिवासुद्धा नव्हता आणि आज इथल्या सगळ्या इमारती एकमेकींना जोडणाऱ्या राउटरांची काळजी माझ्याकडे आहे, ही देवाचीच कृपा.

तुझ्या परीक्षेआधी ओट्यावर कपांचे राउटर मांडून मी तुला त्यांचं काम शिकवलं होतं, आठवतं? प्रत्येक राउटर फक्त स्वतःबद्दल सांगतो: माझे शेजारी हे, त्यांच्यापर्यंतचा रस्ता एवढा सोपा किंवा अवघड. तो निरोप शब्दही न बदलता सगळ्यांकडे जातो. मग सगळ्यांजवळ एकच नकाशा तयार होतो आणि जो तो आपापला जवळचा रस्ता काढतो. ऐकीव गोष्टींवर कुणी चालत नाही. तू लगेच विचारलंस, “बाबा, आणि एखाद्याने स्वतःबद्दलच खोटं सांगितलं तर?” मी म्हणालो, एकाच्या सांगण्यावर रस्ता धरतच नाहीत, दोन्ही टोकांनी एकमेकांचं नाव घ्यावं लागतं. “म्हणजे राउटरही आईसारखेच संशयी!” असं म्हणून तू इतकी हसलीस की कप फुटता फुटता राहिला. आई आतून ओरडली, “ऐकू येतंय मला!”

परवा इथे तेच झालं. जुन्या इमारतीचा राउटर सांगत होता, नव्या इमारतीशी माझा दुवा चालू आहे. नव्या इमारतीचा राउटर मात्र त्याचं नावच घेईना. बाकीच्यांनी तो रस्ता सोडला आणि रोग्यांचे एक्स-रे लांबच्या वाटेने पोचते केले. मी नकाशापुढे बसून होतो, आणि डोळ्यांसमोर तू येत होतीस.

तू सांगतेस, आम्ही दोघं मजेत. जावईबापूंचे निरोपही येतात, पण त्यांत कामाचा व्याप असतो, हवापाणी असतं, तू नसतेस. पूर्वी तुझी एक तरी चहाडी असायची: ही मीठ विसरली, हिने किल्ली हरवली. व्हिडिओ कॉलवर तुझ्या मागे पूर्वी पिवळी भिंत दिसायची, हल्ली पांढरी दिसते. रंग दिला, म्हणालीस. खिडकीसुद्धा डावीकडून उजवीकडे गेली, ती कुणी हलवली? आई मला म्हणते, नसते संशय घेऊ नका. देवापुढे बसलो तरी मन त्या खिडकीपाशीच जातं.

काल जावईबापूंचा फोन आला. आईच्या गुडघ्याची चौकशी केली आणि मग हळूच विचारलं, “ती बरी आहे ना?” बायकोची खुशाली ते मला विचारत होते, चिमणे. मी ‘बरी आहे’ म्हणालो. ते खरं होतं की नाही, हे मला तुझ्याकडूनच कळायला हवं. त्यांच्या बाजूचं सांगू नकोस, दोष कुणाचा तेही नको. फक्त तुझं सांग: कुठे राहतेस, सोबत कुणी आहे का. आपल्या घराचा दुवा या टोकाकडून चालू आहे. तेवढं तुझ्या टोकाकडून आमचं नाव घे, मी निघतोच.

तुझाच,
संशयी बाबा