उलटलेली जिप्सी उभी न करणेबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
जांभूळझरी सफारी परिक्षेत्र,
जि. भंडारा.

अर्जदार : सौ. दीपमाला धम्मदीप गडपायले, धंदा घरकाम, रा. जांभूळझरी, ता. तुमसर.

विषय : अपघातग्रस्त जिप्सी दुरुस्तीसाठी सोडण्यास सही न देणेबाबत.

संदर्भ : १) सफारीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी वाहन दुरुस्त करून हजर करावे, असे आपले पत्र.
२) गेटवरील व्यवस्थापक कुंदन यांनी अर्जदाराच्या अंगणात उभे राहून दिलेला तोंडी निरोप, जो पत्रात नाही.

महोदय,

१. अर्जदार हा अर्ज लिहावयास बसली. पाळण्यातला धाकटा झोपेत हलला, कडी करकरली आणि तेवढ्याने खाटेवर निजलेले अर्जदाराचे पती धम्मदीप दचकून उठले. उन्हाळ्यातल्या अपघातापासून लोखंड करकरले की ते असेच उठतात. त्यांना परत निजवून अर्जदार लिहीत आहे. मूल उठले की अर्ज थांबेल. शाई दोन रंगांची दिसल्यास त्यास खाडाखोड समजू नये.

२. सदर जिप्सी अर्जदाराच्या नावे नोंद आहे. अर्जदाराच्या दिघोरीच्या वडिलांनी धानाच्या शेतातली एक बांधी विकून ती लेकीच्या नावे घेऊन दिली, म्हणून आपणास धम्मदीप यांची सही पुरत नाही, अर्जदाराची लागते. एरवी आपण अर्जदारास पत्र लिहिले असते असे वाटत नाही.

३. धम्मदीप बुटके आहेत. हे आपणास सांगावयास नको. गेटवर त्यांची गाडी लागली की आपण सर्वांदेखत म्हणत होता, “टोपी आली, ड्रायव्हर मागून येईन.” लोक हसत, धम्मदीपही हसत. घरी आल्यावर हसत नसत. म्हणून अर्जदाराने सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची जाड गोधडी शिवून दिली. ती घडी करून खाली घेतल्याशिवाय आणि सीट पार पुढे ओढल्याशिवाय धम्मदीप यांनी गाडीची किल्ली कधी फिरविली नाही. गेटवरचे पोर न् पोर हे जाणते.

४. अपघाताच्या दिवशी आपले मेहुणे पाहुणे म्हणून आले होते. त्यांना स्वतः गाडी हाकण्याची हौस होती. धम्मदीप नाही म्हणाले. त्यावर कुंदन म्हणाले, “साहेबाचे साळे आहेत. थोडं चालवू दे. जंगलात कोन पाहून राहिलं?” मार्गदर्शकाला गेटवरच उतरविण्यात आले. मेहुण्यांनी “हे गाठोडं काढ” म्हणून गोधडी मागच्या सीटखाली टाकावयास लावली, सीट शेवटपर्यंत मागे सारली व धम्मदीप यांना डावीकडे बसविले. पुढे नाल्याच्या काठाला वाघाच्या पायाचे ठसे दिसले असे म्हणून त्यांनी गाडी रस्ता सोडून घातली. काठ खचला. गाडी डाव्या अंगावर पलटली. मेहुण्यांच्या कोपराचे साल निघाले. धम्मदीप यांचा डावा खांदा व डावी मांडी गाडीखाली होती.

ही हकीकत धम्मदीप यांनी दवाखान्यात शुद्धीवर येताच अर्जदारास सांगितली. दुसऱ्या दिवशी कुंदन फळे घेऊन आले. त्यानंतर धम्मदीप यांनी ती पुन्हा कधी सांगितली नाही.

५. कुंदन फळांसोबत एक कागदही घेऊन आले होते. “रानडुक्कर आडवे आले, वाहन मी चालवत होतो,” असा त्यावर मजकूर असून खाली धम्मदीप यांची सही आहे. उजवा हात शाबूत होता, त्यामुळे सही चांगली आली आहे. याचा मोबदला म्हणजे गाडीची दुरुस्ती मेहुणे करून देणार आणि सफारीच्या पाळीतला नंबर कायम राहणार. दुरुस्तीला अर्जदाराची सही झाली नाही तर बेफिकीर ड्रायव्हर म्हणून धम्मदीप यांना गेट कायमचे बंद. हा निरोप संदर्भ क्र. २ मध्ये येतो.

६. गाडी तेव्हापासून अर्जदाराच्या अंगणात ताडपत्रीखाली आहे. चार गडी लावून तिला चाकांवर केले आहे, बाकी कशाला हात लावलेला नाही. तुमसरचे धनीराम मिस्त्री पाहून गेले. ते म्हणाले, “उभी होते बाई, रंगही चकचकीत बसते. पन सांगाडा मुरगाळला आहे. समोरची चाकं एका वाटेनं जातीन न् मागची दुसऱ्या.” अर्जदाराने विचारले, मग दुरुस्ती कशाला? मिस्त्री म्हणाले, “ज्याले उलटलेली दिसू द्याची नाही, त्याच्यासाठी.” मिस्त्री चहा न घेता गेले. त्यांनाही आपल्या खात्याच्या गाड्यांचे काम मिळते.

७. पावसाळ्यात दोरी बांधायला जागा नसल्याने अर्जदार धाकट्याची दुपटी गाडीच्या लोखंडी कमानीवर वाळत घालते. हे पाहून कुंदन म्हणाले, “वहिनी, सफारी घरीच चालू केली का?” दुसऱ्या खेपेस त्यांनी दुपट्यांचे मोबाईलवर फोटो काढले व वाहनाचा गैरवापर होत असल्याचे आपणास कळवितो म्हणाले. कळविले असल्यास त्याच फोटोत डावी बाजू चेपलेली आणि उजवी जशीच्या तशी दिसेल. ते फोटो जपून ठेवावेत ही विनंती.

८. येथे धाकटा उठला होता. आता सायंकाळ आहे.

९. घरातूनही अर्जदाराच्या बाजूने कोणी नाही, हे आपणास कळेलच, तेव्हा अर्जदारच सांगते. सासूबाई बायजाबाई रोज म्हणतात, “सही करून टाक ना वो माय. गाडी उभी झाली त माहा पोरगा उभा होईन.” त्यांच्याशी अर्जदार भांडू शकत नाही. त्या लेकाला एका हाताने उठवून बसवितात आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसतात. धम्मदीप भिंतीकडे तोंड करून म्हणतात, “मीच होतो चालवत. लिवून देल्लं ना. झालं आता.” अर्जदाराने एकदा विचारले, “तुमचा खांदा डावा मोडला, मग स्टिअरिंग काय डावीकडे होतं?” त्यावर ते दिवसभर जेवले नाहीत. पुन्हा विचारले नाही.

या माणसाने अर्जदारास पहिल्यांदा जंगल दाखविले तेव्हा हरणाला पाणी पिऊ द्यावे म्हणून गाडी बंद करून कितीतरी वेळ श्वाससुद्धा हळू घेतला होता. त्याला आपण बेफिकीर म्हणता.

१०. म्हणून परवा दुपारी अर्जदार स्वतः त्या गाडीत बसली. ड्रायव्हरची सीट मागे सारलेल्या जागीच अडकली आहे, खालची पट्टी वाकल्यामुळे ती सरकत नाही. अर्जदार धम्मदीप यांच्यापेक्षा बोटभर उंच आहे. तरी तिचा पाय ब्रेकला पोचला नाही. गोधडी मागच्या सीटखाली, घडी न मोडता, तशीच आहे.

दुरुस्तीत पहिली काढली जाईल ती ही सीट. हे आपणासही ठाऊक असावे. नाहीतर ज्या कार्यालयाने गेटवरचा फुटलेला नळ तीन पावसाळे बदलला नाही, त्याला एका बाईच्या गाडीची एवढी घाई झाली नसती.

११. सबब अर्जदाराचे म्हणणे असे की, जिप्सी दुरुस्त करावयाची नाही. हंगाम सुरू होईल, नंबर दुसऱ्याला जाईल, घरात चूल कशी पेटेल हे अर्जदारास आज सांगता येत नाही. तरीही नाही. गाडी आहे तशी मोटार वाहन निरीक्षकांनी पाहावी. आणि त्या वेळी आपल्या मेहुण्यांना बोलावून त्या सीटवर एकदा बसवावे. त्यांना ती बरोबर येते की नाही, एवढेच सर्वांदेखत पाहावे. बरोबर न आल्यास अर्जदार कुंदन म्हणतील त्या कागदावर सही करील.

मेहुण्यांना सवड नसल्यास त्यांची पॅन्ट पाठविली तरी चालेल. लांबी मोजता येईल.

१२. रात्री-बेरात्री ताडपत्री सोडून गाडी ओढून नेण्याचा कोणाचा विचार असल्यास, अर्जदार रात्री आपली खाट व पाळणा गाडीला लागूनच टाकते, याची नोंद घ्यावी.

अजून तरी नम्र असलेली,
सौ. दीपमाला धम्मदीप गडपायले
जांभूळझरी, दि. ११ सप्टेंबर २०१९

सोबत : वाहन नोंदणीची झेरॉक्स. (गोधडी जोडलेली नाही. पाहावयाची असल्यास घरी यावे.)

प्रत : मोटार वाहन निरीक्षक, भंडारा, यांना पाहणीसाठी.

ता. क. : अर्ज घडी करण्यापूर्वी अर्जदार तो हळू आवाजात वाचून पाहत होती. धम्मदीप निजले होते. थोरली मुलगी मोनिका, वय पाच, मांडीला टेकून ऐकत होती. तिला आजीने सांगितले आहे की गाडी बाबांनीच चालविली, आणि कोणी विचारले तर तसेच सांगायचे. ती खाटेकडे पाहून म्हणाली, “आई, गाडी बाबाच चालवत होते ना? मंग बाबा झोपेत ‘साहेब, ब्रेक दाबा, ब्रेक दाबा’ असं कोनाले म्हणते?”