आपल्याच विहिरीचं पाणी

बाई, परवा मी गुलमंडीत भांड्यांच्या दुकानात पाऊण तास उभी होते, एका पाण्याच्या बाटलीसाठी. चार महिने माझ्यावर जी औषधं चालू आहेत त्यांनी अंगातली ताकद पार उतरली आहे, आणि डॉक्टरांनी बजावलंय की बाहेरचं पाणी बंद, जाईन तिथं घरून उकळलेलं न्यायचं. इतके दिवस मी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या धुऊन भरून नेत होते. सुनेनं त्या सगळ्या उचलून टाकल्या आणि म्हणाली, आई, आता एक कायमची बाटली आणा. दुकानदारानं दहा-बारा बाटल्या समोर मांडल्या. एक चोवीस तास गरम ठेवते म्हणे, पण रिकामीच एवढी जड की भरल्यावर माझ्या मनगटाला झेपली नसती. दुसरी देखणी, निळी, पण तोंड इतकं अरुंद की दोन बोटं जाईनात. तिसरीच्या झाकणाला बटण, नळी, कडी असं सगळं यंत्रच होतं. त्या नळीत काय साचतंय ते रोज कोण बघणार? मी एकेक झाकण फिरवून नाकाशी नेत होते, रबराला वास येतो का बघत होते. शेवटी दुकानदार वैतागून हसला. "मावशी, बाटली घेताय का सोयरीक जमवताय?" मी म्हटलं, "रोजच्या वापराची आहे. आत हात गेला पाहिजे, आणि आतलं दिसलं पाहिजे." बोलून गेले आणि मग लक्षात आलं, की हे वाक्य माझं नाही, तुमचं आहे. एक साधी, एकेरी पत्र्याची, रुंद तोंडाची स्टीलची बाटली घेतली आणि रिक्षात बसेपर्यंत मान वर केली नाही.

तुम्ही आमच्या गावात आलात तेव्हा पोलीस ॲक्शनला पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. पिशोरच्या पुढं, रस्ता संपतो तिथलं गाव. शाळेत गुरुजीच असायचे, बाई पहिल्यांदाच आलेल्या. औरंगाबादच्या, शिकलेल्या घरातल्या, बिनलग्नाच्या. तुम्ही मारुतीच्या देवळामागं एक खोली घेऊन राहिलात. मी सातवीत होते, तेरा वर्षांची. लहान म्हणून सुटावं असं ते वय नव्हतं. रोज सकाळी तुम्ही यायचात, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीत तो पितळी फिरकीचा तांब्या, प्रवासाला नेतात तसला, मळसूत्री झाकणाचा. तो टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायचात. शाळेच्या पडवीत मोठा रांजण होता, सगळी पोरं त्यातलं प्यायची, गुरुजीही. तुम्ही मात्र तांब्यातलंच.

शाळा सुटल्यावर तो तांब्या धुवायचा मान माझा होता. मोठ्या माणसाचा हात त्याच्या तोंडातून जात नसे, माझा जाई. तुम्ही आतली कल्हई दाखवून सांगितलं होतं, की इथं राख लावायची नाही, नुसतं फडकं फिरवायचं, रात्रभर पालथा ठेवायचा आणि सकाळी भरण्याआधी वास घ्यायचा. "रोजच्या वापराच्या भांड्यात हात गेला पाहिजे, आतलं दिसलं पाहिजे. जे दिसत नाही तेच पोटात जातं." मी विचारलं, "बाई, तुम्ही रांजणातलं का पीत नाही?" तुम्ही एकदा दाराकडं पाहिलंत. मग म्हणालात, "मला दोनदा कावीळ झाली होती. दुसऱ्या वेळी जेमतेम वाचले. डॉक्टरांनी सांगितलंय, उकळल्याशिवाय थेंब घ्यायचा नाही. पाणी तुमच्याच विहिरीचं आहे गं, मी स्टोव्हवर उकळून घेते इतकंच." आणि आवाज खाली करून, "हे कुणाला सांगू नकोस. माझं लग्न ठरतंय. आजारी मुलगी म्हणून बोभाटा झाला तर तिकडची माणसं मागं फिरतील." मी गळ्याची शपथ घेतली. घरी जाताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. एवढ्या शिकलेल्या बाईंनी गावात कुणाला नाही ते मला सांगितलं होतं.

मग ती दुपार. गावाबाहेरच्या वस्तीतली एक मुलगी आमच्या वर्गात होती, माझ्याच वयाची, गणितात माझ्या पुढं. ती पाणी प्यायला आली की रांजणाजवळ हात मागं बांधून वाट बघत उभी राहायची, मग कुणीतरी येऊन तिनं पुढं केलेल्या ओंजळीत वरून पाणी ओतायचं. तुम्ही आल्यापासून ते बंद केलं होतं. ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यायचं. त्या दिवशी तुम्ही वर्गात आहात असं समजून मी तिच्या हातातला पेला ओढला. "थांब, हात घालू नको, मी वाढते." तुम्ही दारातच उभ्या होतात.

"तिचा पेला तिला दे."

मी दिला. तिनं तो बुडवला, निम्मं प्यायली. तुम्ही म्हणालात, "आता उरलेलं तू पी." सगळा वर्ग पडवीत जमला होता. मी पाटलाच्या घरची, माझे आबा शाळेच्या कमिटीत, आणि मी सगळ्यांसमोर तिचं उष्टं पाणी प्याले. तुम्ही ओरडला नाहीत. "ह्या पडवीत एकच पाणी आहे," एवढंच बोललात आणि आत गेलात.

संध्याकाळी मी जेवले नाही. आबांनी विचारलं, "काय झालं गं, कोन बोललं का?" पेल्याचं मी सांगितलं नाही; सांगितलं असतं तर चूक माझी निघाली असती की तुमची, याची मला खात्री नव्हती. मी म्हटलं, "बाई आम्हाला एका रांजणातलं प्या म्हणतात, आन सवता घरून पाणी आणतात. आपल्या गावचं पाणी त्यांना चालत नाय." आबा भाकरी मोडता मोडता थांबले. "आसं व्हय? आमाला शिकवनार, आन सवता सोवळं पाळनार." तांब्यात आपल्याच विहिरीचं पाणी आहे, हे मला माहीत होतं. कावीळ माहीत होती. आई पलीकडं चुलीपाशी बसली होती, बोलायला भरपूर वेळ होता. मी ताट ओढलं आणि जेवायला लागले.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, पोरांना गूळ-शेंगदाणे वाटले. विहिरीचं पाणी तेव्हा गढूळ लाल असायचं, घरात तुरटी फिरवायचो आम्ही. आबांनी रांजणातून पेला भरला आणि सगळ्या गावासमोर तुमच्या पुढं धरला. "बाई, आज येवढं आमच्या गावचं पानी घ्या. का चालत नाय तुमाला?" लोक हसले. तुम्ही आधी पेल्याकडं पाहिलंत, मग पोरांच्या रांगेत मला शोधलंत. मी खाली बघितलं. माझ्या शेजारी ती वस्तीतली मुलगी उभी होती, ती मात्र तुमच्याकडंच टक लावून बघत होती. तुम्ही नाही म्हणाला असता तर दुसऱ्या दिवशी तिचा हात पुन्हा मागं बांधला गेला असता. हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, मला कळायला वीस वर्षं लागली. तुम्ही पेला घेतलात आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यालात. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून टेबलावर तांब्या नव्हता. तुम्ही पडवीत येऊन, सगळ्यांच्या देखत, रांजणातलं पाणी प्यायला लागलात, रोज. आणि त्या मुलीला पुढं कुणी अडवलं नाही.

मागच्या आठवड्यात मी शेजारणीकडं हळदीकुंकवाला गेले होते. तिनं पाणी पुढं केलं, मी नको म्हटलं, आणि तिचा चेहरा पडला. मी लगेच सांगून टाकलं, औषधं चालू आहेत, उकळलेलंच घ्यावं लागतं. ती "अगं बाई, आधी नाही का सांगायचं" म्हणून गॅसकडं वळली. एका वाक्याचं काम होतं. तेरा वर्षांच्या मला आबांसमोर तेवढंच एक वाक्य बोलायचं होतं, आणि पंधरा ऑगस्टपर्यंत मला सहा दिवस मिळाले होते.

सप्टेंबरच्या शेवटी तुम्ही फळ्याजवळच खाली बसलात. डोळे पिवळेधमक. आबांनीच कुणाची तरी जीप मिळवली, तुम्हाला मागच्या बाकावर निजवून औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं आणि दोन दिवस तिथंच बसून राहिले. तुमच्या आईनं त्यांना सगळं सांगितलं असणार. परत आले ते अंगणात चप्पल न काढताच बसले. "बाईला आजार व्हता हे कुनी मला सांगितलं आसतं, तर म्या आसं केलं आसतं व्हय?" ते आईला विचारत होते. मी ओसरीत पाढे पाठ करत होते. मी आवाज वाढवला.

तुमचं लग्न मोडल्याचं गावात दिवाळीत कळलं.

तुम्ही दिवाळीनंतर परत आलात, निम्म्या झालेल्या, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. तांब्या पुन्हा टेबलावर आला आणि आता कुणी चकार शब्द काढला नाही. शाळा सुटल्यावर मी तो धुवायला उचलला तेव्हा तुम्ही दार लोटून घेतलंत. मला वाटलं, आता मारणार. तुम्ही अगदी हळू विचारलंत, "तू आबांना खरं कारण सांगितलं होतंस का?" तुम्हाला वाटत होतं, मी शपथ मोडली असेल तरी चालेल, तुम्हाला वाचवायला मोडली असेल. तुम्ही मला बाहेर पडायला केवढं मोठं दार उघडून दिलंत, बाई. मी त्या दारातून भलतीकडंच गेले. मी म्हटलं, "व्हय बाई. सगळं सांगितलं होतं. आबा म्हणाले, नाटकं हायेत तिची."

तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "तू काय करणार होतीस," म्हणालात. त्या दिवशी तांब्या तुम्हीच पालथा घातलात.

आठ दिवसांनी आबा शाळेत आले. पटका काढून हातात धरलेला. मी त्यांना देवळाबाहेर कुणासमोर तसं पाहिलं नव्हतं. "बाई, चुकलं माजं. मला ठावं नवतं." तुम्ही त्यांच्याकडं असं पाहिलंत की मी वहीत तोंड खुपसलं. तुमच्या लेखी ते सगळं माहीत असून पेला पुढं करणारे होते, आणि आता वर खोटं बोलत होते. तुम्ही उठून दुसऱ्या वर्गात गेलात. आबा पडवीत बराच वेळ उभे राहिले. उन्हाळ्यात तुमची बदली झाली. बाईंनी माफ का केलं नाही, हे आबांना मरेपर्यंत कळलं नाही. आजारपणात एकदा म्हणाले होते, "त्या बाईच्या पायावर डोकं ठिवाया पायजे व्हतं, नुस्तं तोंडानं बोलून कुटं भागतं." मी त्यांचे पाय चेपत राहिले.

पुढं मी बँकेत लागले, औरंगाबादला आले, इथलीच झाले. तुम्ही खडकेश्वरला राहता हे मला माहीत होतं. एकदा औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात तुम्ही समोरून आलात, केस पांढरे, चालणं तेच. मी वळून वांगी निवडत बसले, तुम्ही जाईपर्यंत. घरी गेल्यावर पिशवीत तीन किलो वांगी निघाली. तुम्ही गेलात तेव्हा मात्र मी चौथ्या दिवशी तुमच्या घरी हजर झाले. गेलेल्या माणसाची भीती उरत नाही. दार तुमच्या धाकट्या बहिणीनं उघडलं. मी गावाचं नाव सांगितलं आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तूच का ती? ताई नेहमी काढायची तुझी आठवण. म्हणायची, त्या अख्ख्या गावात एकटी ती पोरगी माझ्यासाठी खरं बोलली." त्यांनी मला आत नेलं, घरातल्या सगळ्यांना बोलावून ओळख करून दिली. मी चहा घेतला. मी म्हटलं, बाईंचे फार उपकार आहेत माझ्यावर.

त्याला वीस वर्षं होत आली. तुमची बहीण अजून आहे, कान जरा कमी झालेत, बाकी ठणठणीत. हा कागद तिला नेऊन देता येईल, मोठ्यानं वाचूनही दाखवता येईल. रिक्षानं दहा मिनिटांचं अंतर आहे. निदान आबांवरचा डाग तरी पुसला जाईल. पण मी देणार नाही, बाई. दर दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन तिच्याकडं जाते, आणि ती आल्या-गेल्याला सांगते, ही आमच्या ताईची खरं बोलणारी मुलगी. त्या घरात मला तसं म्हणतात, ते मला आवडतं.