कापलेला ताणा

मंगळवार, संध्याकाळचे सात

"घरी शिकव, पण वेळापत्रक माझं," लेकीला, मुक्ताला, शाळेतून काढलं तेव्हा सुधीर म्हणाला होता. मी मान डोलावली. का डोलावली?

सोलापूरच्या हातमागांचा इतिहास नुसता वाचायला नको, म्हणून शेजारच्या नरसम्मा आजींनी उलट्या स्टुलाच्या पायांवर ताणा बांधून दिला. तीन दिवस पोरगी विणत होती. आज सकाळी दहा वाजले, गणिताचा तास.

"बाबा, एवढी पट्टी होऊ द्या की!"

सुधीरनं कात्री उचलली आणि ताण्याचे सगळे उभे धागे कापले. माझ्या शिवणाची कात्री. मी दारातच उभी.

मुक्ता रडली नाही. गणितं सोडवली, सगळी बरोबर. त्याला वाटतं, तो जिंकला. आज त्याचं तोंड बघवत नाही मला.

दुपारी आजी आल्या, लोंबते धागे हातात घेतले. "आमच्या विणकरांत जो तोडतो, तोच सांधतो. एकेक गाठ मारून. बसव की त्याला!"

कात्री कपाटात कुलपात टाकली आहे. सकाळीच टाकायला हवी होती.

नाहीच म्हणेल, माहीत आहे. तरी उद्या दहाच्या ठोक्याला मुक्तासमोर म्हणणार: सुधीर, गणित राहू दे, खाली बस आणि हे धागे सांध.