ढगातल्या मशीनांची खंडेनवमी

भवानी पेठ, सोलापूर
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. गुरुमामा,

पाया पडते. मामीच्या बी पडते, पण मामीला हे पत्र वाचून दाखवताना निम्मंच दाखवा. तुमचा गुडघा कसा हाय? आई म्हणत हुती की तुमी तेल लावायचं सोडून नुसता पट्टा बांधून दुकानात बसताय. बसा, पण स्टूल उंच घ्या. आमी हितं सगळी बरी हाव. तुमी म्हणाल, फोन असताना ही पोरगी कागद का काळा कराय लागली. मामा, तुमचा फोन गल्ल्यावर पडलेला असतोय, आन् त्यावर काय बी आलं की दुकानातला येडू ते गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचतोय. मागं मी पोटात दुखतंय एवढंच पाठवलं, तर तुमच्या बाजाराला आलेल्या बायांनी हिकडं आईला फोन करून ओव्याचं पाणी सांगितलं. मी दोन दिवस जिना उतरले न्हाय.

तुमी मला बसलिंगप्पा मालकांकडं चिकटवलं त्याला आता वरीस होत आलं. नववीतनं शाळा सोडली तवा तुमीच आईला म्हणला हुता की पोरगी मठ्ठ न्हाय, नुसती बोलत न्हाय. (वर्गात उभं करून वाचायला लावायचे. सगळी वळून बगायची.) मालकांचा टॉवेलचा धंदा खाली, आन् वर त्यांची पोरगी चंद्रिकाअक्का टॉवेलवाल्यांच्या ऑर्डरी सांभाळायचं सॉफ्टवेअर चालवती. मी वर असते. अक्का सांगंल ते टाईप करायचं. बोलायचं काम न्हाय, म्हणून टिकले.

तर झालं असं. मालकांचा खंडेनवमीचा नेम लई कडक हाय. माग, शिलाई मशीन, कात्री, वजनकाटा, जेवढं म्हणून कामाचं हाय तेवढ्याला हळदकुंकू आन् झेंडूचं फूल. एका साली बॉबिन भरायचं मशीन राहिलं तर ते दिवाळीपर्यंत रुसून बसलं, असं मालक सांगतात. (पॅकिंगची बजाबाई म्हणती त्याचा पट्टा तुटला हुता. पण ती हे मालक गावाला गेल्यावर म्हणती.) यंदा अक्का जेवताना सहज बोलून गेली की आता आपलं खरं काम खालची मशीनं करत न्हाईत, क्लाउडवरची करतात. मालकांनी घास ताटात ठेवला. म्हणले, इतकी वर्षं त्यांना राबवून घेतलं आन् एक फूल न्हाय वाहिलं? अक्कानं सांगितलं की ती मशीनं आपली न्हाईत, भाड्याची हायत, मुंबईकडं कुठल्यातरी इमारतीत हायत आन् आत कुणाला सोडत न्हाईत. मालक म्हणले, भाड्याचं असलं म्हणून काय झालं, राबतंय तर आपल्यासाठी. नावं काढा, चिठ्ठ्यांवर लिहा, चिठ्ठ्या दारातल्या जुन्या मागाला बांधू आन् त्यांची पूजा करू. एक बी राहता कामा नये.

नावं काढायचं काम माझ्याकडं आलं. आधी मी पडद्यावर बगून वहीत उतरवत हुते. पण मामा, ती मशीनं खालच्या मशीनांसारखी एका जागी बसत न्हाईत. सकाळी एक उगवतंय, दुपारी काम झालं की जातंय, त्याच्या जागी दुसरंच. बाजारातल्या शेळ्या मोजल्यागत झालं. मग अक्का म्हणली, बगून लिहू नको, एपीआयनं विचार. एपीआय म्हंजे खिडकी समजा, बँकेत असती तसली, पण पलीकडं माणूस न्हाय. आपण ठरलेल्या पद्धतीनं लिहून विचारायचं, ते ठरलेल्या पद्धतीनं लिहून सांगतंय. तोंडाकडं बगत न्हाय. मोठ्यानं बोल म्हणत न्हाय. चुकलं तर नुसता एक नंबर देतंय, ओरडत न्हाय. शाळेत असली खिडकी असती तर मी दहावी झाले असते.

पहिल्यांदा विचारलं तर चारशे तीन आलं. मला वाटलं एवढी मशीनं हायत, आन् मी गप चिठ्ठ्या कापत बसले. दुसऱ्या दिवशी कळलं की तो मशीनांचा आकडा न्हाय, तुला बगायची परवानगी न्हाय असा त्याचा अर्थ. आता परवानगी अक्काकडनं घ्यायची, आन् अक्का माझ्या शेजारच्या खुर्चीवर. मी तिला मेसेज केला. तिनं माझ्याकडं बगितलं, मी कीबोर्डकडं बगितलं, तिनं बी मेसेजच केला की दिली परवानगी, पण नुसती बगायची, हात लावायची न्हाय. मला तेवढीच पायजे हुती.

मग सगळं आलं आन् एक्सेलमदी नीट बसलं. पण नुसती मशीनं न्हाय आली, त्यांच्या डिस्क बी आल्या, स्नॅपशॉट बी आले. मालक खुर्ची घेऊन शेजारी बसले आन् एकेक नाव वाचाय लागले. एका मशीनाचं नाव 'टेस्ट डिलीट दोन' हुतं. असलं नाव पोटच्या पोराला ठेवता का, म्हणून त्यांनी अक्काला विचारलं आन् चिठ्ठीवर नुसतं 'दोन' लिहायला लावलं. डिस्कला वेगळं कुंकू लागतंय का, यावर चहा होईस्तोवर विचार झाला. डिस्क मशीनाच्या पोटात असती, तवा तिला हळद पुरे, असं ठरलं. स्नॅपशॉट म्हंजे मशीनाचा फोटो, असं अक्कानं सांगितलं मात्र, मालकांनी हार मागं घेतले. फोटोला हार घातला तर मशीन गेलं म्हणतील लोक. (बजाबाई तवा एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.) मशीनं बरोबर पन्नास भरली. मालकांना आकडा शुभ वाटला. मला बी काय शंका आली न्हाय. पूजा झाली, नारळ फुटला, माग पिवळाधमक दिसाय लागला.

आन् दसऱ्यादिवशी आपट्याची पानं वाटताना एका टॉवेलवाल्याचा फोन आला की ऑर्डरी उघडत न्हाईत. अक्कानं बगितलं तर त्याच्या ऑर्डरी ज्या मशीनावर असतात, त्याची डिस्क तुडुंब भरलेली. तिनं ती मोठी केली, झालं. पण मालकांनी पहिलं हे विचारलं की त्या मशीनाची चिठ्ठी कुठाय. सगळा माग धुंडाळला. चिठ्ठी न्हाय. मग अक्कानं माझं काम उघडलं आन् खिडकीनं दिलेल्या उत्तराच्या अगदी तळाला बोट ठेवलं. मामा, ती खिडकी एका वेळी पन्नासच देती. आन् खाली बारक्या अक्षरात एक खूण ठेवती, की अजून हाय, ही खूण दाखवून परत विचारा. परत विचारलं न्हाय तर ती आपणहून कायच बोलत न्हाय. मी तळाला बगितलंच न्हवतं. अकरा मशीनं मागं राहिली हुती, बिनपूजेची.

मला रडू आलं, पण खरं सांगू का, त्या खिडकीचा राग न्हाय आला. असतंय एखाद्याचं तसं.

मालक रागावले न्हाईत. दसऱ्याचा मुहूर्त नवमीपेक्षा मोठा, असं म्हणून त्यांनी अकराच्या अकरा चिठ्ठ्या स्वतः बांधल्या. मग माझ्या टेबलापाशी आले आन् सगळ्यांसमोर विचारलं, "सिद्धे, चंद्रिका दिवाळीनंतर पुण्याला चालली. हे टेबल तू सांभाळशील का?"

मी फरशीकडं बगितलं. ते थांबले. लई वेळ थांबले. मग म्हणले, "बरं बाई, जबरदस्ती न्हाय. उद्यापासनं खाली पॅकिंगला जा."

तवापासनं मी बजाबाईशेजारी टॉवेल घडी घालते. काम वाईट न्हाय. बजाबाई बी चांगली हाय, पण ती दिवसभर बोलती आन् मधेमधे उत्तर मागती. बाकी सगळं ठीक. उत्तर पाठवू नका, पाठवलं तर कागदावर पाठवा.

तुमची भाची,
सिद्धेश्वरी

ता. क. मामा, तळाला बगितलं ते बरं केलं. मला मालकांना 'व्हय' म्हणायचं हुतं. ते तोंडात आलं हुतं, पण तवर ते वळले. तुमी त्यांना फोन करून माझ्या वतीनं एवढा एक शब्द सांगा. बाकी कायच सांगू नका. शिफारस नको, शाळेचं नको. नुसतं व्हय.

ता. क. २. फोन दुकानातनं करू नका. येडू ऐकतोय.

ता. क. ३. टपालाच्या खिडकीवर तिकीट मागावं लागतंय आन् तितं माणूस असतोय. म्हणून हे मालकांच्या टपालाच्या ट्रेमदी ठेवते, बाकीच्या पाकिटांबरोबर जाईल. डिंक त्यांच्या टेबलावर हाय, मागायला नको म्हणून पाकीट उघडंच हाय. मालक दुसऱ्याचं वाचत न्हाईत.

ता. क. ४. (हे अक्षर बसलिंगप्पाचं.) गुरु, मी दुसऱ्याचं वाचत न्हाय. पण डिंक लावायला कागद सरळ केला तर माझंच नाव दिसलं, मग तळापर्यंत गेलो. बॉबिनच्या पट्ट्याचं बजाबाईला मी विचारतो. पोरीला उद्यापासनं वरच बसायचंय, चंद्रिका जाईस्तोवर सगळं शिकवंल. पण हे मी जाऊन सांगितलं तर ती परत फरशीकडं बगंल आन् माझा परत घोटाळा होईल. तवा तूच तिला कळव. कागदाला वेळ लागंल, फोनवर पाठव. आन् पाठवायच्या आधी येडूला एकदा मोठ्यानं वाचू दे, बाजारातल्या बायांना बी कळू दे.